फालतू नोटिफिकेशन बंद करा, पण विजेचा इशारा चालू ठेवा

मी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीचा. गावी गेलो की पोरं विचारतात, दुपारपर्यंत दीड जीबी संपतो कसा? बऱ्याचदा ॲप बंद दिसलं तरी बॅकग्राउंडला नेट खात असतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'डेटा सेव्हर' शोधा, चालू करा. जाहिरातीचं नोटिफिकेशन आलं की दाबून धरा, तिथूनच बंद करा.

पण सगळंच बंद करू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप 20 ते 40 किलोमीटरच्या परिसरातल्या विजेचा इशारा देतं. त्याचं नोटिफिकेशन, लोकेशन चालू ठेवा आणि डेटा सेव्हरमधून त्याला सूट द्या. नाहीतर तुम्ही रानात असाल आणि इशारा उशिरा येईल.