प्रकाशाचा चिमटा आणि कृत्रिम रक्त

चुलीतला निखारा आपण चिमट्यानं उचलतो. सोनार बारीक मणी चिमट्यानंच धरतो. पण रक्तातली एकच तांबडी पेशी धरायची झाली तर? अशा सुमारे सव्वाशे पेशी ओळीनं लावाव्यात, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो! तिच्यासाठी चिमटा हवा तो प्रकाशाचा.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर अ‍ॅश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली असा चिमटा तयार केला. भिंगानं ऊन एका ठिपक्यात आणणं शाळेतल्या मुलांना ठाऊक आहे. तसाच लेसरचा झोत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून एका बिंदूत आणतात. जवळचा पारदर्शक कण हा प्रकाश वाकवतो आणि त्याच्या प्रतिक्रियेनं स्वतः उजळ बिंदूकडे ओढला जातो. झोत सरकला की कणही मागोमाग येतो. पेशी पोळू नये म्हणून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. या शोधाबद्दल अ‍ॅश्किन यांना २०१८ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आता याचा रक्ताशी संबंध काय, ते पाहू. दान केलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी थंडाव्यात ठेवूनही फार तर सहा आठवडे टिकतात. शिवाय गट जुळावा लागतो. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी उजेडात आणलेला ‘बॉम्बे’ रक्तगट तर इतका दुर्मिळ, की त्या माणसाला त्याच गटाचं रक्त लागतं. म्हणून गटाची अट नसलेला, प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ तयार करण्याची खटपट चालू आहे.

पेशीतलं हिमोग्लोबिन बाहेर काढून तेच का देऊ नये? तसं करून पाहिलं. पण मोकळं हिमोग्लोबिन, रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शोषून घेतं. वाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो. २००८ साली अशा सोळा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. धडा स्पष्ट होता. नुसता प्राणवायू वाहून भागत नाही. रक्तात इतरांशी नांदावंही लागतं.

ही परीक्षा घ्यायला प्रकाशाचा चिमटा उपयोगी पडतो. सर्वांत अरुंद केशवाहिन्यांतून जाताना तांबडी पेशी दुमडून जाते. चिमट्यानं तिला ताणून सोडलं की तिची लवचिकता कळते. चिकटलेल्या दोन पेशी ओढून वेगळ्या केल्या की त्यांची चिकटण्याची ताकद मोजता येते. हे बल पिकोन्यूटनात मोजतात. शंभर ग्रॅमचं वजन तळहाताला जेवढं दाबतं, त्याचा लाख कोटीवा भाग म्हणजे साधारण एक पिकोन्यूटन! हीच मोजणी कृत्रिम वाहक मिसळून पुन्हा करायची. पेशी ताठ झाल्या, जास्त चिकटू लागल्या, तर रोग्याला टोचण्याआधीच धोका कळतो. पेशीत प्राणवायू किती, हेही सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या ‘रामन परिणामा’च्या साहाय्यानं धरलेल्या पेशीतच ओळखता येतं.

अर्थात, एक पेशी म्हणजे अख्खा माणूस नव्हे. पुढच्या चाचण्या कराव्याच लागतात, आणि सर्रास वापरता येईल असं कृत्रिम रक्त अजून हाती आलेलं नाही. तोवर अपघातात सापडलेल्याला किंवा अडलेल्या बाळंतिणीला आधार आहे तो माणसानं माणसाला दिलेल्या रक्ताचाच. आपल्या देशात अठरा ते पासष्ट वयाच्या, किमान पंचेचाळीस किलो वजनाच्या निरोगी माणसाला रक्त देता येतं. शिक्षकांनी वर्गात एवढं जरूर सांगावं.