गडावर १२ जण, डेटाबेस म्हणतो शून्य

ज्यांनी हा भाग गाडीत उभ्याने, अर्धवट ऐकला त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना माझं "म्हणजे काय तर" फार वेळा येतं, तेवढं कापलंय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा मेसेज एकच असतो. "दादा, नवीन प्रोजेक्ट करतोय, खिशात पैसे नाहीत. ओपन सोर्समधला कोणता डेटाबेस घेऊ? मायएसक्यूएल, पोस्टग्रेस की एसक्यूलाइट?" उत्तर देतो, पण आधी आमची फजिती ऐका.

मुरबाड तालुक्यातला सिद्धगड तुम्हाला माहीत असेल. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला इथेच हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी अभिवादनाला गर्दी होते, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी ट्रेकर असतातच. वर भीमाशंकर अभयारण्याचं जंगल, वाट चुकायला एक फाटा पुरतो. आम्ही तिघांनी पायथ्याच्या नोंदीसाठी छोटं ॲप करायला घेतलं. सकाळी किती चढले, दुपारनंतर किती उतरले, आणि अंधार पडायच्या आत स्क्रीनवर एकच आकडा: वर अजून किती जण आहेत.

रचना साधी. एक टेबल ग्रुपचं, दुसरं चढ-उताराचं, आणि ग्रुपचा नंबर दोन्हीकडे. रिलेशनल म्हणजे एवढंच, दोन वह्या एका नंबरने बांधलेल्या.

डेटाबेस निवडताना आम्ही आधी जागा बघितली. पायथ्याला रेंज कधी येते, कधी जाते. सर्व्हरवरचा डेटाबेस तिथे काय कामाचा? म्हणून एसक्यूलाइट. तो सर्व्हर नाहीच, फोनमधली एक फाइल आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो लिहिला, तेव्हा ते अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर पडला की त्यांचा प्रोग्रामही अडून बसायचा. म्हणजे त्यांचं आणि आमचं दुखणं एकच! आज तुमच्या हातातल्या फोनमध्येही तो आहे.

आता फजिती. पहिल्या चाचणीच्या दिवशी नोंदीला गावातला एक पोरगा बसवला. दोन ग्रुप वर गेले, एक २३ जणांचा, एक १२ जणांचा. पाचच्या सुमारास २३ जण उतरले आणि ॲप म्हणालं, वर शून्य. आम्ही बॅगा भरल्या. तेवढ्यात तो पोरगा म्हणाला, "दादा, ती जीप अजून उभीच आहे."

१२ जण वरच होते. तासाभराने चिखलात माखून आले, सुखरूप.

झालं काय होतं? पोराचा कीबोर्ड मराठी. त्याने बारा हा आकडा देवनागरीत टाकला. आमचा रकाना पूर्णांकाचा होता, पण एसक्यूलाइट या बाबतीत सैल आहे. समोरचं मूल्य संख्येत बदलता आलं नाही तर तो तक्रार न करता अक्षरं म्हणून ठेवून देतो. आणि बेरीज करताना अशी अक्षरं शून्य धरतो. बाकी सगळ्यांनी इंग्रजी आकडे टाकले, म्हणून आमच्या घरच्या चाचणीत हे दिसलंच नाही. चूक आमचीच. कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे, आम्ही वाचलं नव्हतं.

२०२१ पासून एसक्यूलाइटमध्ये टेबल "स्ट्रिक्ट" करता येतं. पण जुन्या ॲन्ड्रॉइड फोनमध्ये एसक्यूलाइटही जुना असतो, म्हणून आम्ही प्रत्येक रकान्यावर चेक लावला: प्रकार पूर्णांक नसेल तर नोंद घेऊच नको. शिवाय ॲप आता देवनागरी आकडे आधीच बदलून घेतं. अजून एक खोच आहे. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की मुळात बंद असते, दर जोडणीला चालू करावी लागते. नाही केली तर नसलेल्या ग्रुपचेही लोक गडावरून उतरतात!

रेंज आली की फोनमधलं सगळं सर्व्हरवर जातं. तिथे पोस्टग्रेस घेतला, कारण कडकपणा. तोच देवनागरी बारा पूर्णांकाच्या रकान्यात टाकून बघा, तो सरळ एरर देतो. शिवाय एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, पोस्टग्रेसमध्ये अनेक. आणि नावांची यादी मराठी वर्णमालेने लावायची तर त्यासाठीची क्रमवारीही त्यात मिळते.

मायएसक्यूएल वाईट का? नाही. स्वस्त होस्टिंगवर तो तयार मिळतो, आणि तुमच्या टीमला तोच येत असेल तर तोच घ्या. फक्त नवी आवृत्ती बघा. ५.७ च्या आधी चुकीच्या मूल्याच्या जागी शून्य लिहून नुसता इशारा द्यायची मूळ सवय होती, आणि चेक तर ८.०.१६ पर्यंत वाचून सोडून दिला जायचा. २०१० मध्ये तो ओरॅकलकडे गेला. त्याच्या मूळ कर्त्यांपैकी मॉन्टी विडेनियस यांनी त्याआधीच मारियाडीबी वेगळा काढला होता. मुलींची नावं बरं का ही, माय आणि मारिया. पोस्टग्रेस कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही, हे मला बरं वाटतं, पण छोट्या प्रोजेक्टला त्याने फारसा फरक पडत नाही.

दोन फोन वापरणार असाल तर नंबर १, २, ३ असे देऊ नका. रेंज नसताना दोन्ही फोन ४१ नंबर देतील आणि सर्व्हरवर भांडण. आम्ही यूयूआयडी घेतला, लांबलचक आहे, पण भिडत नाही.

पुढच्या २ जानेवारीला दोन फोन घेऊन बसणार आहोत, एक मुद्दाम मराठी कीबोर्डवाला. आणि कागदाची वहीही असेल, गाड्यांचे नंबर लिहायला.