प्रयोग, चाचणी आणि आपले रुग्ण

पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांत ‘प्रयोग’ हा शब्द जत्रेतील नाटकाच्या संदर्भात मोठ्या कौतुकाने उच्चारला जातो. दवाखान्यात मात्र तोच शब्द भीतीने येतो. “डॉक्टर, तिथे आमच्या मुलावर प्रयोग तर करणार नाहीत ना?” मूल बांबोळीला वा त्यापुढे बेळगाव-पुण्याला पाठवावे लागते, तेव्हा हा प्रश्न हमखास कानी पडतो. अलीकडे नेमका उलटा प्रश्नही येऊ लागला आहे. आंतरजालावरून छापून आणलेला कागद टेबलावर ठेवून एखादा पिता विचारतो, “फुप्फुसाच्या या नव्या औषधाच्या चाचणीत आमच्या मुलाला घेतील का?” पहिल्या प्रश्नामागे भय आहे, दुसऱ्यामागे आशा. या दोघांनाही नीट उत्तर देता येईल एवढी माहिती आपणां डॉक्टर मंडळींपाशी असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनची ब्रिटनमधील चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. आधुनिक चाचण्यांचा पाया या आकड्यांनी घातला, हे आपण विद्यार्थिदशेत शिकलो. केवळ विश्रांतीवर असलेल्या त्या रुग्णांना आपण एका चाचणीत आहोत हे सांगितलेच गेले नव्हते, हे मात्र सहसा शिकवले जात नाही. आज तसे करता येणार नाही आणि करूही नये.

चाचणी कशासाठी, हे समजावून घेण्यास आपल्याला लंडनपर्यंत जाण्याची गरज नाही. चोर्ला घाट चढून बेळगावला गेले तरी पुरे. अकाली जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे अपक्व असतात, आणि प्रसूतीपूर्वी मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास ती लवकर पक्व होतात, हे लिगिन्स व हाउई यांनी १९७२ मध्ये न्यूझीलंडमध्ये दाखवून दिले. मग हेच इंजेक्शन खेडोपाडी, आरोग्यसेविकांच्या हातून का देऊ नये? विचार इतका सरळ की त्यावर शंका घेणाराच वेडा ठरावा. तरीही सहा देशांत, सुमारे एक लाख प्रसूतींवर त्याची चाचणी झाली. भारतातील तिची दोन केंद्रे म्हणजे बेळगाव व नागपूर. २०१४ च्या अखेरीस निष्कर्ष जाहीर झाले आणि सर्वांना धक्का बसला. अगदी लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट सर्व बाळे मिळून पाहता, जेथे ही योजना राबवली तेथे हजारी साडेतीन मृत्यू अधिक झाले, आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंका वाढली. ज्या मातांना इंजेक्शन मिळाले, त्यांतील बहुसंख्य बाळे प्रत्यक्षात तेवढी लहान निघालीच नव्हती.

मग इंजेक्शन वाईट का? तसेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील २९ रुग्णालयांत दुसरी चाचणी घेतली. भारतातील तिच्या केंद्रांत बेळगावही होते. या वेळी गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित केले, २६ ते ३४ आठवड्यांदरम्यानच्याच माता घेतल्या, आणि नवजात बाळाची शुश्रूषा होऊ शकेल अशीच रुग्णालये निवडली. २,८५२ मातांच्या या चाचणीत नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. लाभ इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीपूर्वीच थांबवून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले गेले. औषध तेच आणि गावही तेच असूनही उत्तरे परस्परविरुद्ध आली. ‘आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे’ असे म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही दोन निबंधे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

दुसरे उदाहरण पुण्याचे. सौम्य क्षय असलेल्या मुलांना सहा महिने औषधे द्यावीत की चार महिने पुरेत, हा प्रश्न घेऊन ‘शाइन’ नावाची चाचणी युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका व भारत येथे झाली. आपल्या देशातील केंद्रे चेन्नई व पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय. सोळा वर्षांखालील १,२०४ मुले त्यांत सहभागी झाली. निम्म्यांना चार महिने औषधे मिळाली, निम्म्यांना सहा. ७२ आठवड्यांच्या निरीक्षणानंतर अपयश एका गटात १६ मुलांत आढळले, दुसऱ्यात १८ मुलांत, म्हणजे दोन्हीकडे सुमारे तीन टक्के. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षीच्या मार्गदर्शिकेत चार महिन्यांचा उपचार स्वीकारला. दोन महिने आधी औषध थांबवण्याची जोखीम ज्या पालकांनी पत्करली, त्यांना आपल्या मुलाला कोणता गट मिळेल हे ठाऊक नव्हते. तो चिठ्ठी टाकल्यासारखा ठरत होता. जगभरच्या मुलांचे दोन महिने वाचावेत, ही सोय त्यांनी करून दिली.

आता चाचणी शोधायची कशी? आपल्या देशात २० जुलै २००७ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) ‘सीटीआरआय’ ही चाचण्यांची नोंदवही चालू आहे. औषधचाचण्यांची नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच ती करावी लागते. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. आजाराचे नाव इंग्रजीत टाकले की चाचण्यांची यादी येते. प्रत्येकीत कोणते वय, कोणत्या अटी, कोणती केंद्रे, प्रमुख संशोधक कोण, हे दिलेले असते. प्रथम पाहावे ते हे, की रुग्ण घेणे चालू आहे की बंद झाले. ही नोंद प्रत्येक वेळी ताजी असतेच असे नाही, म्हणून पालकांना गाडीत बसवण्याआधी केंद्राला दूरध्वनी करावा. नोंद आहे म्हणजे औषध चांगले आहे असा सरकारी निर्वाळा मिळाला, असा अर्थ मुळीच होत नाही. आयुर्वेदाच्या चाचण्याही येथेच नोंदवल्या जातात. धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था असल्याने पेडणेकरांनी हे लक्षात ठेवावे.

डिचोलीच्या खाणपट्ट्यातील व्यवसायबंधूंसाठी एक मुद्दा स्वतंत्रपणे मांडतो, जरी तो माझ्या बालरोगविषयाबाहेरचा आहे. फुप्फुस कडक होत जाण्याच्या ज्या आजाराचे कारण सापडत नाही, त्याच्या चाचण्यांत धुळीसारखे ज्ञात कारण असलेले रुग्ण घेत नाहीत. खाणीत किंवा क्रशरवर किती वर्षे काम केले, कोणते काम केले, हे आपल्या कागदावर लिहिलेले नसेल तर रुग्ण चुकीच्या चाचणीत जाईल किंवा पुण्या-मुंबईची फेरी फुकट घालून परतेल. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मधल्या काळात काही चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. “आता कुठे खाण, डॉक्टर!” असे रुग्ण म्हणतो आणि जुनी वीस वर्षे सांगायची राहून जातात. ती आपणच विचारून काढली पाहिजेत.

सहभागी होण्यापूर्वीचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे संमती. येथे आपल्या भागाची एक गंमत आहे. घरात बोलणे कोकणीतून, वाचन मात्र मराठीतून, असे असंख्य कुटुंबांत चालते. पुण्या-मुंबईच्या केंद्रावर मराठी माहितीपत्रक मागता येते. ते सहीपूर्वी घरी आणून सावकाश वाचावे. औषध नवे आहे की जुनेच नव्या प्रकारे दिले जाते? काही मुलांना निरौषधी गोळी मिळणार का? आज चालू असलेले कोणते औषध बंद करावे लागेल? इन्हेलरवर उत्तम चाललेल्या दम्याच्या मुलाचा इन्हेलर काढून घेणाऱ्या चाचणीत, माझ्या मते, पालकांनी मुळीच पडू नये. प्रवासखर्च कोण देणार, आणि गोव्याहून किती खेपा पडतील, हेही आधीच विचारावे; दर पंधरवड्याला घाट चढायचा असेल तर पित्याचा रोजगार बुडतो, आणि मध्येच चाचणी सुटते.

‘स्वास्थ्य अधिकार मंच’ या संस्थेच्या २०१२ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने या व्यवहाराची झाडाझडती घेतली, आणि २०१९ च्या नव्या नियमांत त्यातील बरेच काही उतरले. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळते; अगदी नव्या रसायनाच्या चाचणीत दुर्बल गटांतील व्यक्तींची संमती चित्रमुद्रित करावी लागते. मुलांच्या बाबतीत पालकांची सही पुरत नाही. परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार सात ते अकरा वर्षांच्या मुलाची तोंडी, आणि बारापासून पुढे लेखी अनुमती घ्यावी. आठ वर्षांची मुलगी “मला सुई नको” म्हणाली, तर तो तिचा बालिशपणा नव्हे, तिचे उत्तर आहे. कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडता येते आणि नेहमीचे उपचार त्यामुळे बंद होत नाहीत, हे तर मुद्दाम सांगावे. जो चाचणीच्या नावाखाली भरमसाट पैसे मागतो, विशेषतः फुप्फुसासाठी मूळपेशींचा उपचार करतो असे सांगून, त्याच्यापासून रुग्णाला दूर ठेवावे. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा उपचार करण्यास परिषदेने अनुमती दिलेली नाही.

मूल चाचणीत दाखल झाले की आपले काम संपत नाही. ते राहते साखळीत वा मांद्र्यात, आणि मध्यरात्री ताप आला तर दार आपलेच ठोठावले जाते. सहभागाचे कार्ड व केंद्राचा क्रमांक पालकांनी जवळ बाळगावा, त्याची प्रत आपल्या फाइलमध्ये असावी. तातडीचा उपचार अर्थातच थांबवू नये. पण प्रतिजैविक वा स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी शक्य असेल तर केंद्राशी बोलावे, आणि जे दिले त्याची तारीख, वेळ व मात्रा लिहून मुलाबरोबर धाडावी.