सहा जणांचं घर, तीन वेगळे हिशेब

सुट्टीचा बेत ठरला की घरात पहिली सूचना हमखास हीच येते : "सगळ्यांचं तिकीट एकत्रच काढ, म्हणजे जागा जवळजवळ मिळतील." सूचना रास्त वाटते. पण घराच्या प्रवासात जादा पैसे जातात आणि वडीलधाऱ्यांचे हाल होतात, ते पुष्कळदा याच समजुतीमुळे. रेल्वे, एसटी आणि विमान कंपन्या कुटुंब बघत नाहीत, प्रत्येक माणसाचं वय बघतात. शिवाय वयाचे नियम तिन्हीकडे निरनिराळे आहेत.

एक घर डोळ्यांसमोर ठेवू. ७८ वर्षांचे आजोबा, ७२ वर्षांची आजी, चाळिशीच्या आतले आईबाबा, ८ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. पूर्ण भाड्याचं एक तिकीट हे माप धरलं, तर हेच सहा जण एसटीतून अडीच तिकिटांत जातात, रेल्वेच्या स्लीपर किंवा थ्री एसीत पाच तिकिटांत आणि विमानात बहुतेक वेळा सहाच्या सहा तिकिटांत.

आधी रेल्वे. "आजी-आजोबांना सवलत मिळेल" असं धरून आजही लोक प्रवासाचं बजेट मांडतात. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि स्त्रियांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून ५० टक्के अशी ही सवलत होती. ती २० मार्च २०२० पासून बंद झाली आणि सर्वसाधारण ज्येष्ठ प्रवाशांसाठी पुन्हा सुरू झालेली नाही. त्यामुळे आजी-आजोबांची दोन पूर्ण तिकिटं धरूनच चाला.

सवलत गेली तरी खालच्या बर्थचा कोटा कायम आहे, आणि घोटाळा होतो तो इथेच. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांच्यासाठी स्लीपरच्या डब्यात सहा-सात, थ्री एसीत चार-पाच आणि टू एसीत तीन-चार खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. पण अट अशी की त्या तिकिटावर एकटा किंवा फार तर दोन प्रवासी हवेत आणि दोघंही या वयात बसणारे हवेत. मुलगा सगळ्या घराचं एकच तिकीट काढतो, त्या क्षणी आजी-आजोबा या कोट्याबाहेर जातात. मग गुडघेदुखीच्या आजींच्या वाट्याला मधला बर्थ येतो आणि गाडीत चढल्यावर समोरच्याला विनवण्या सुरू होतात. ज्येष्ठांना खालचा बर्थ द्यायचा प्रयत्न संगणक एरवीही करतो, पण तो शिल्लक असेल तरच. म्हणून या दोघांचं तिकीट वेगळं काढा आणि कोटा निवडताना ज्येष्ठ नागरिकांचा निवडा. डबा बाकीच्यांपासून वेगळा येण्याची शक्यता राहते, हे खरं. तरी रात्रभराच्या प्रवासात खालचा बर्थ मिळणं हे एका डब्यात असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. आजोबांना एकटं सोडण्यासारखी तब्येत नसेल, तर मात्र सगळ्यांनी एकत्रच जावं.

मुलांचं अर्धं तिकीट हाही असाच जुना समज. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. ५ ते ११ वर्षांच्या मुलाला अर्धं भाडं पडतं, पण बर्थ न घेतल्यासच. बर्थ हवा असेल, तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडं द्यावं लागतं. चेअर कारसारख्या बसण्याच्या वर्गात तर पाच वर्षांवरच्या मुलाला 'जागा नको' हा पर्यायच नसतो. आपल्या घरातल्या मुलीचं अर्धं तिकीट काढलं तर अडीच फुटांहून कमी रुंदीच्या बर्थवर आई, आठ वर्षांची मुलगी आणि कदाचित धाकटाही, अशी रात्र काढावी लागेल. दोन-तीन तासांच्या दिवसाच्या प्रवासाला हे चालतं. रात्रीच्या गाडीला तिचा बर्थ घ्याच.

"वेटिंग असलं तरी चढू, टीसीला सांगू" हे वाक्यही आता सोडून द्यायला हवं. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरचे सगळे जण चार्ट तयार झाल्यावर वेटिंगवरच राहिले, तर तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. ते तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढणं म्हणजे विनातिकीट प्रवास. त्यापेक्षा तिकीट काढतानाच गाडी कुठून सुटते ते बघा. कोकणकन्या मुंबईकडे येताना मडगावहून सुटते. कुडाळहून किंवा कणकवलीहून जागा बघणाऱ्याला वेटिंग दिसत असताना मडगावहून तीच गाडी कन्फर्म दिसू शकते. भाड्यातला फरक परवडणारा असेल तर मडगावपासून तिकीट काढा आणि चढण्याचं स्टेशन कुडाळ करून घ्या. तो बदल चार्टच्या आधी नोंदवणं मात्र अत्यावश्यक. नाहीतर मडगावला तुम्ही आला नाहीत असं धरून तुमची जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

घरात कुणी ऐनवेळी आजारी पडलं, म्हणजे त्याचं तिकीट वाया गेलं, असंही नाही. कन्फर्म तिकीट आईवडील, भावंडं, मुलं किंवा जोडीदार यांच्या नावावर करता येतं. त्यासाठी गाडी सुटायच्या २४ तास आधी आरक्षण केंद्रावर अर्ज आणि नात्याचा पुरावा द्यावा लागतो. ही सोय एका तिकिटाला एकदाच मिळते.

एसटीबद्दलचा गैरसमज वेगळ्या तऱ्हेचा आहे. ज्यांना परवडतं ते तिच्याकडे बघतच नाहीत. आपल्या घराचा कंडक्टरपुढचा हिशेब बघा. आजोबांना ७५ पूर्ण, त्यामुळे अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत शून्य रुपयांचं तिकीट. आजींना अर्धं. आईलाही अर्धं, कारण १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मं भाडं आहे. मुलगी १२ वर्षांच्या आतली, तिचं अर्धं. धाकटा पाचच्या आतला, त्याचं काही नाही. पूर्ण भाडं फक्त बाबांचं. बेरीज अडीच. या सवलती साध्या लालपरीपुरत्याच असतात असं अनेकांना वाटतं, पण त्या महामंडळाच्या वरच्या दर्जाच्या गाड्यांनाही लागू आहेत. मर्यादा दोन लक्षात ठेवाव्यात. एक, सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. पणजीला जाणाऱ्या गाडीत हद्दीपुढचं भाडं पूर्ण पडतं. दोन, आजी-आजोबांच्या वयाचा पुरावा पिशवीच्या तळाशी नको, हाताशी हवा. भरलेल्या गाडीत तिकीट फाडत पुढे सरकणाऱ्या कंडक्टरला थांबायला वेळ नसतो. आणि धाकट्याला तिकीट नाही म्हणजे त्याची सीटही नाही. चार-पाच तासांपेक्षा मोठ्या पल्ल्याला हा मुद्दा हलका नाही.

"सीझनला खासगी बसवाले मागतील ते द्यावंच लागतं" असं आपण धरून चालतो. राज्य सरकारने २०१८ मध्येच कमाल दर ठरवून दिला आहे. त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्यापेक्षा फार तर ५० टक्के जास्त. यापुढे घेतलं तर तिकीट जपून ठेवावं आणि आरटीओकडे तक्रार करावी.

स्वतःच्या गाडीचं गणित पेट्रोल भागिले माणसं इतकंच मांडलं जातं. टोल, पार्किंग, दोन रात्रींचा ड्रायव्हर हे नंतर आठवतं. १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीला ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. पण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याचे, तिथे टोल वेगळा भरावा लागतो. घरात सहा माणसं आणि गाडी पाच जणांची असेल, तर मात्र हिशेबच करू नका. "मांडीवर बसेल की" म्हणून मुलाला पुढच्या सीटवर घेणं सर्वांत घातक. अचानक ब्रेक लागला तर आईचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन हवंच असं कायदा सांगतो, आणि मागे बसणाऱ्या मोठ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेणंही स्वस्त नव्हे. खासगी वापराचा विमा भाड्याच्या प्रवासाला लागू होत नाही, आणि अपघात झाल्यावर ते कळून उपयोग नसतो.

विमानात 'लहान मूल' म्हणजे दोन वर्षांखालचं. तेवढंच ठरावीक शुल्कात मांडीवर जातं, बाकी मुलांना बहुतेक कंपन्या मोठ्यांचंच भाडं लावतात. वय प्रवासाच्या दिवशी मोजतात, त्यामुळे सहलीदरम्यान दुसरा वाढदिवस आला तर परतीला तिकीट लागतं. इथेही 'एकत्रच बुकिंग' तपासून बघा. विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकल्या जातात. स्वस्त गटात चारच जागा उरल्या असतील आणि तुम्ही सहा मागितल्या, तर सहाही जागांना वरचा दर दिसतो. चार आणि दोन असं शोधून बघावं. मात्र मुलांना आईवडिलांपैकी एकाबरोबर एकाच तिकिटावर ठेवा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या किमान एका पालकाशेजारी बसवावं, असे निर्देश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना दिले आहेत. मूल एकटं बसेल या भीतीपोटी सगळ्यांच्या जागा विकत घेऊ नका.

आणि बेत रद्द झालाच, तर 'नॉन-रिफंडेबल' हा शब्द वाचून गप्प बसू नका. त्या तिकिटावरचंही विमानतळ वापर शुल्क आणि सरकारी कर प्रवास न केल्यास परत मिळायला हवेत, असा नियम आहे. रद्द करण्याचं शुल्कही मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. सहा तिकिटांवर ही रक्कम काही हजारांत जाऊ शकते, तेव्हा कंपनीकडे ती मागून घ्या.