दोनशे दहा बुद्ध्यांकाचा माणूस

नागपूरच्या नंदनवनात संध्याकाळी केडीके कॉलेजची पोरं जगनाडे चौकाकडच्या चहाच्या टपरीवर जमतात. गेल्या आठवड्यात भाजी घेऊन परतताना तिथं थांबले, तेव्हा त्यांच्यातल्या एकाच्या मोबाइलवर एक यादी होती. ग्योथे २१०, न्यूटन १९०, आइन्स्टाइन १६०, बिल गेट्स १६०, इलॉन मस्क १५५. थोरामोठ्यांचे आयक्यू! यादी वाचून झाली आणि दुसऱ्यानं विचारलं, "आपल्या जिचकार साहेबांचा किती असन बे?" कुणी १८० म्हणालं, कुणी थेट दोनशेवर गेलं. त्यांतला एक माझ्या हाताखाली शाळेत शिकलेला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा ना."

तिथं मला काही सांगता आलं नाही. हयात गणित शिकवण्यात गेली, म्हणून घरी आल्यावर भाजीची पिशवी तशीच ठेवली आणि वही घेऊन बसले.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बुद्ध्यांक हे वजन-उंचीसारखं माप नाही. १४० बुद्ध्यांकाच्या माणसाकडे ७० वाल्याच्या दुप्पट बुद्धी असते, असा त्याचा अर्थ होत नाही. आजचा बुद्ध्यांक म्हणजे रांगेतली जागा. सरासरी १०० धरायची, प्रमाण विचलन १५ धरायचं आणि घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेवर माणूस कुठं उभा आहे ते सांगायचं. त्यामुळे कोणताही आकडा घेतला की 'किती माणसांत असा एक' हे काढता येतं. मी तेच काढत गेले.

१४५ च्या वर ७४१ जणांत एक. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं होतं, म्हणजे अशी सव्वातीन हजार माणसं आपल्या गावातच निघतात. १६० च्या वर साडेएकतीस हजारांत एक. नागपुरात पाऊणशे माणसं, दोन सिटी बसमध्ये बसतील एवढी. १७५ च्या वर पस्तीस लाखांत एक. इथं नागपूरच्या वाट्याला धड एकही येत नाही, साऱ्या महाराष्ट्रात मिळून बत्तीसेक. १९० च्या वर शंभर कोटींत एक. न्यूटनला दिलेल्या आकड्याचा माणूस त्या जनगणनेतल्या १२१ कोटींच्या भारतात फार तर एक सापडेल.

२०० ला ७,६०० कोटींत एक येतो. आज पृथ्वीवर माणसं आहेत ८०० कोटींच्या थोडी वर. माणूस नावाचा प्राणी झाल्यापासून आजवर किती जण जन्मले, याचा लोकसंख्याशास्त्रज्ञांचा एक अंदाज आहे सुमारे ११,७०० कोटींचा. म्हणजे गुहेतल्या पहिल्या बाळापासून इथल्या मेडिकल कॉलेजात आज सकाळी जन्मलेल्या बाळापर्यंत सगळे धरले, तरी दोनशेच्या वरचा एखाददुसरा.

आणि २१०? नऊ लाख कोटींत एक. नवावर बारा शून्यं. मी ती तीनदा मोजली. मानवजातीचा सगळा इतिहास पाऊणशेहून जास्त वेळा पहिल्यापासून घडवला, तर त्यात एक ग्योथे अपेक्षित आहे.

मुलांना एवढी शून्यं दिसावीत म्हणून मी रांग लावायला सांगते. झिरो माइलच्या खांबापासून प्रत्येकाला एक फूट जागा द्यायची. अख्ख्या नागपूरची रांग सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास जाते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, म्हणजे तो पूर्ण भरून थोडे लोक पुढं उरतील. नऊ लाख कोटींची रांग मात्र २७० कोटी किलोमीटरच्या पुढे जाते. सूर्यापासून शनी त्याच्या निम्म्यावर आहे. रांगेचं शेवटचं टोक युरेनसच्या अंतराजवळ पोचतं.

अशा रांगेत पहिला कोण, हे कुणी पाहिलं? कुणीच पाहू शकत नाही. प्रौढांसाठी जगभर वापरली जाणारी वेक्सलरची चाचणी घ्या. तिची चौथी आवृत्ती २,२०० लोकांवर प्रमाणित झाली आणि तिचा आकडा १६० ला थांबतो. साडेएकतीस हजारांतला एक ओळखायलाही दोन हजार लोकांचा नमुना अपुरा आहे, मग लाख कोटींची गोष्टच सोडा.

मग २१० आला कुठून? त्यासाठी शंभर वर्षं मागं जावं लागतं. तेव्हा बुद्ध्यांक हा खरोखर भागाकार होता: मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. पाच वर्षांच्या मुलानं दहा वर्षांच्या मुलाची उत्तरं दिली की २००. मेरिलिन व्हॉस सॅव्हंट या अमेरिकी बाईंचा प्रसिद्ध २२८ असाच आला. वयाच्या दहाव्या वर्षी मानसिक वय २२ वर्षं १० महिने, करा भागाकार. लहान मुलांपुरतं हे गणित ठीक चालतं. पण चाळिशीच्या माणसाचं मानसिक वय ऐंशी म्हणजे काय, याला उत्तर नाही, म्हणून तज्ज्ञांनी पुढं भागाकार सोडून दिला. आकडे मात्र यादीत तसेच राहिले, आणि आज आपण ते दुसऱ्याच पट्टीवर ठेवून वाचतो.

मेलेल्या माणसांना हा भागाकार लावायची कल्पना स्टॅनफर्डचा मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन याची. १९१७ साली त्यानं इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनचा बुद्ध्यांक दोनशेच्या जवळ ठरवला. त्याचा एक मोठा आधार होता गाल्टननं पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बहिणीला लिहिलेलं पत्र. मला कुठलंही इंग्रजी पुस्तक वाचता येतं, लॅटिन येतं, गुणाकार येतात, अशी त्यात यादी आहे. गुणाकाराच्या आकड्यांत नऊ आणि अकरा हेही त्यानं आधी लिहिले होते. मग बहुधा वाटलं असावं की हे जास्त झालं, कारण एक आकडा चाकूनं खरवडलेला आहे आणि दुसऱ्यावर कागद चिकटवलेला. त्या खरवडण्याला मी टर्मनपेक्षा जास्त गुण दिले असते. पण माझं मन अडलं ते दुसरीकडे. चार वर्षांच्या पोराचं पत्र नव्वद वर्षं जपून ठेवणारं घर किती जणांना असतं?

टर्मनची विद्यार्थिनी कॅथरीन कॉक्स हिनं १९२६ साली हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. १४५० ते १८५० या काळातले ३०१ थोर लोक तिनं निवडले. निवडीचा पाया होता मानसशास्त्रज्ञ कॅटेलची हजार नामवंतांची यादी, आणि ती बनली होती युरोप-अमेरिकेच्या चरित्रकोशांत कुणाला किती जागा दिली आहे ते मोजून. मग चरित्रं, पत्रं, आठवणी वाचून प्रत्येकाच्या लहानपणाचा आणि तरुणपणाचा बुद्ध्यांक अंदाजानं लावला. दुरुस्त्या करून जर्मन कवी ग्योथे २१० वर गेला. त्याचं बालपण चांगलं नोंदलेलं होतं, वडील सुखवस्तू होते, घरी शिक्षक येत होते. आणि मायकेल फॅरडे, ज्याच्या शोधाशिवाय कोराडीचं वीजकेंद्र फिरलं नसतं, त्याच्या लहानपणाला पहिल्या अंदाजात मिळाले १०५. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा. त्याची लहानपणची पत्रं कोण ठेवणार? हे आकडे नोंदींच्या भरवशावर उभे आहेत, हे कॉक्सबाईंनी स्वतः प्रामाणिकपणे लिहिलं होतं. यादी फिरत फिरत मोबाइलपर्यंत आली, पण त्यांचा इशारा वाटेत गळून पडला.

इथं मला आपल्या गावाशी कायमचं जोडलेलं एक नाव आठवतं. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक झालेल्या एका मुलाला ७५० पैकी २८२ गुण पडले. साडेसदतीस टक्के. कॉक्सबाईंच्या पद्धतीनं सतराव्या वर्षापर्यंतचा कागद हाच धरला असता, तर भीमराव आंबेडकरांना आकडा किती लागला असता? त्या टक्क्यांत वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसणं, पाण्याला हात न लावू देणं आणि चाळीतल्या एका खोलीतला अभ्यास यांची नोंद कुठंच नाही. सहा वर्षांनी हाच मुलगा कोलंबिया विद्यापीठात गेला आणि तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि इतर विषयांचे मिळून साठ अभ्यासक्रम त्यानं घेतले. मॅट्रिकच्या गुणपत्रिकेवरून या साठांचा अंदाज कुणी केला असता? दीक्षाभूमी इथून काही किलोमीटरवर आहे. दसऱ्याला तिकडे जाणाऱ्या माणसांना हे गणित समजवावं लागत नाही.

पोरांनी ज्यांच्याबद्दल विचारलं त्या श्रीकांत जिचकार साहेबांचं उलट आहे. त्यांच्याकडे कागदच कागद. १९७३ ते १९९० या काळात विद्यापीठाच्या ४२ परीक्षा आणि २८ सुवर्णपदकं असा हिशेब सांगतात, म्हणजे सतरा वर्षं दर पाच महिन्यांच्या आत एक परीक्षा. डॉक्टरकी, वकिली, संस्कृत. आयपीएस होऊन सोडलं, आयएएस होऊन सोडलं, सव्विसाव्या वर्षी आमदार. या माणसानं बेचाळीस वेळा बसून पेपर लिहिले हे मला कोणत्याही १८० पेक्षा मोठं वाटतं. त्या पेपरांमागच्या रात्री त्यांनी स्वतः जागवल्या होत्या.

राहिले उद्योगपती. गेट्सचा १६० हा कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेतल्या १६०० पैकी १५९० गुणांवरून लोकांनी लावलेला. खरं मोजमाप स्वीडनमध्ये झालं आहे. तिथं लष्करभरतीत जवळजवळ प्रत्येक तरुणाची बुद्धिचाचणी व्हायची. तेरा लाख पुरुषांच्या त्या नोंदी संशोधकांनी, पुढं कंपनीप्रमुख कोण झालं, याच्याशी जुळवून पाहिल्या. मोठ्या कंपनीचा मधला प्रमुख वरच्या १७ टक्क्यांत निघाला. बुद्ध्यांकात मांडलं तर ११४ च्या आसपास! १७ टक्के म्हणजे नागपुरात चार लाख माणसं. मोठी कंपनी चालवणाऱ्या त्या मधल्या माणसाइतकी किंवा त्याहून तल्लख अशी चार लाख माणसं या एका शहरात आहेत. जगनाडे चौकात सिग्नलला थांबलेल्या दर सहा जणांत एक. सगळ्या आकडेमोडीत मी सर्वांत जास्त वेळ या आकड्यापाशी थांबले. युरेनसपर्यंतची रांग दूरची आहे, हे चार लाख रोज माझ्या शेजारून जातात.

बुद्धी मोजण्याच्या कामात नागपूरचं स्वतःचं नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. इथं काम करणाऱ्या डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलरची मुलांची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. १९६९ ची ती चाचणी मिसिक या नावानं देशभर वापरली गेली. शिवाय त्यांनी अमेरिकेतल्या व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी भारतीय घरांना जुळवली. मुलाच्या रोजच्या जगण्याबद्दलची ८९ कलमं आहेत तिच्यात. देशात कुठंही गेलात तरी मानसतज्ज्ञ तिला 'नागपूर अ‍ॅडाप्टेशन' म्हणतात.

ती मोजपट्टी मी एकदा जवळून पाहिली. आमच्या ओळीत कामाला येणारी एक बाई पाच वर्षांपूर्वी मुलाला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी चाचणीला घेऊन निघाली आणि सोबतीला मला नेलं. मुलगा अकरा वर्षांचा. आधी त्याच्यापुढे लाल-पांढरे ठोकळे ठेवले. चित्रासारखी रचना करायची होती. त्यानं सगळे लाल एका ओळीत लावले आणि खूष होऊन आईकडे पाहिलं. मग तज्ज्ञ मॅडम आईला विचारू लागल्या. स्वतःच्या हातानं जेवतो का? शर्टाची बटणं लावतो का? दुकानातून काही आणतो का?

"आणते जी," ती म्हणाली. "पैशे नाही समजत त्याले, पण उरलेले मुठीत दाबून आणते. एक रुपया नाही सांडत."

मॅडमनी मान हलवून खूण केली. सगळं मिळून दोन तास गेले. माणूस समोर बसलेला, आई शेजारी, प्रत्येक खुणेमागे डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. त्या गुणांवरून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते आणि चाळीसपासून सवलतींचा रस्ता उघडतो. ग्योथेच्या २१० नं कुणाचं काही अडत नाही, पण या आकड्यावर त्या घराचं बरंच काही अडलेलं होतं.

आमचा चौक ज्यांच्या नावाचा, ते चाकणचे संताजी जगनाडे तेलघाणा चालवायचे आणि तुकोबांचे अभंग वहीत उतरवून ठेवायचे. या आकड्यांत बुडाले असताना ते मला वारंवार आठवले, कारण शेवटी सगळं येऊन थांबतं ते कुणाचं काय लिहून ठेवलं गेलं यापाशी.

चाचणीहून परतताना ऑटोत त्या बाईनं मला विचारलं होतं, "ताई, याले काय काय येते ते एका कागदावर लिहून देता का? शाळेत दाखवीन म्हणते." त्या रात्री मी लिहायला बसले. पहिली ओळ होती: दुकानातून उरलेले पैसे मुठीत धरून आणतो, एकही रुपया सांडत नाही. दुसरी: लाल रंग ओळखतो. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.