चूक क्वेरीची, शिक्षा कनेक्शनला?

ऑनलाइन तिकीट काढताना बटण दाबलं की आपल्यासाठी डेटाबेसशी नवी जोडणी होत असेल, असं वाटतं. तसं क्वचितच होतं. जोडणी महाग पडते: पासवर्ड तपासायचा, आणि पोस्टग्रेसक्यूएल असेल तर प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर वेगळी प्रोसेस उभी करायची. म्हणून थोडी कनेक्शनं आधीच उघडून ठेवतात. मागेल त्याला द्यायची, काम झालं की परत घ्यायची. हा कनेक्शन पूल. जावामधल्या हिकारीसीपी या लोकप्रिय पूलची कमाल मर्यादा, कुणी बदलली नाही तर, 10 कनेक्शनची असते. हजारो ग्राहकांचं त्यावर भागतं.

पुढची काटकसर क्वेरीची. तीच क्वेरी पुन्हा पुन्हा येत असेल तर तिचं व्याकरण दरवेळी कशाला तपासायचं? पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर पाचव्या वापरापासून ती सर्व्हरवर तयार करून ठेवतो. हे 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट'.

गोम इथेच आहे. समजा, कुणी मध्येच टेबलात एक रकाना वाढवला. सगळे रकाने मागणारं जुनं स्टेटमेंट आता शिळं झालं. ते चालवलं की पोस्टग्रेस 0ए000 या संकेताची एरर देतो. कनेक्शन मात्र ठणठणीत असतं. मग टाकायचं काय? मीटर बिघडला म्हणून कुणी रिक्षा भंगारात काढत नाही.

डिसेंबर 2006 मध्ये जावा 6 सोबत आलेल्या जेडीबीसी 4.0 मध्ये (जेडीबीसी म्हणजे जावाने डेटाबेसशी बोलण्याचे नियम) यासाठी खास सोय झाली. स्टेटमेंट निकामी झाल्याचं लक्षात येताच ड्रायव्हर पूलला तसा 'इव्हेंट' पाठवतो, आणि तोही प्रोग्रॅमकडे एरर जाण्याच्या अगदी आधी. त्या इव्हेंटमध्ये स्टेटमेंट कोणतं आणि एरर काय, दोन्ही असतं. पूलने तेवढंच स्टेटमेंट साठ्यातून काढायचं. कनेक्शनच तुटलं तर त्याचा इव्हेंट निराळा.

कागदावर हे फार सुबक आहे. प्रत्यक्षात सगळे ड्रायव्हर हे इव्हेंट पाठवतातच असं नाही, आणि हिकारीसीपी तर स्टेटमेंट साठवण्याच्या भानगडीतच पडत नाही. ते काम ड्रायव्हरवर सोडतो. हिकारीसीपी स्वतः बघतो एररचा पाच अक्षरी संकेत. सुरुवात 08 ने असेल तर जोडणीत बिघाड, कनेक्शन बाद. 23505 म्हणजे एकच नोंद दोनदा घालायचा प्रयत्न. त्यात ना स्टेटमेंटचा दोष, ना कनेक्शनचा. आणि आपलं 0ए000? ते त्याच्या बाद-यादीत आहे. म्हणजे शिळ्या क्वेरीपायी अख्खं कनेक्शन जातं! उपाय राकट आहे, पण मला तो पटतो: टेबलाची रचना रोज बदलत नाही, आणि एखादं नवं कनेक्शन उघडणं शिळं स्टेटमेंट दहा ग्राहकांच्या माथी मारण्यापेक्षा स्वस्तच.

खरा धोका उलट बाजूचा आहे. व्यवहाराच्या मध्ये एरर आली की पोस्टग्रेस तो व्यवहार गुंडाळेपर्यंत पुढची प्रत्येक आज्ञा नाकारतो. रोलबॅक न करता असं कनेक्शन पूलमध्ये परत गेलं, तर पुढच्या ग्राहकाची निर्दोष क्वेरीही आपटते, आणि लॉगमध्ये दोष दिसतो तो तिच्याच नावावर.