चारशे कानांचं गाणं

आमच्या पिढीला शुक्रवार म्हणजे नवा सिनेमा, एवढंच ठाऊक. गाण्यांनाही शुक्रवार असतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. जगभरातल्या संगीत कंपन्यांनी नवे अल्बम शुक्रवारीच बाजारात आणायचं ठरवलं आणि जुलै २०१५ पासून तो रिवाज पडला. अल्बम म्हणजे गाण्यांचा संग्रह. कवीचा कवितासंग्रह असतो तसा. दर शुक्रवारी असे ढिगाने संग्रह येतात आणि त्यांतल्या नामवंतांची चर्चा होते. पण त्या गर्दीत एक कोपरा असाही आहे, ज्याची गाणी रेडिओवर लागत नाहीत, वरातीत वाजत नाहीत आणि ज्यांची जाहिरात कुठल्या चौकात झळकत नाही. पंक आणि मेटल ही त्या संगीताची नावं. इंग्रजीत या कोपऱ्याला 'अंडरग्राउंड' म्हणतात. भूमिगत म्हटलं की आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना हैदराबाद मुक्तिसंग्राम आठवतो. इथं तसं काही नाही. पोलीस मागावर नसतात. बाजार मागावर नसतो, एवढाच त्याचा अर्थ!

गंगाखेड आणि लोह्याच्या मधल्या पालमसारख्या गावात राहणाऱ्या, हयात बँकेत घालवलेल्या आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाचा या भानगडीशी संबंध काय, असं वाचक विचारतील. संबंध भाच्याच्या मुलामुळे आला. मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. दिवाळीला गावी येतो तो काळा शर्ट घालून. त्या शर्टावर पांढऱ्या रेघांचं असं जाळं, की बाभळीची वाळकी फांदी कुणी कापडावर चिकटवलीय की काय! ते म्हणे एका वाद्यवृंदाचं नाव. मला वाचता येईना. ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठीच ते लिहिलेलं असतं, हे त्याने समजावलं. मोडीचंही तसंच होतं, म्हणून मी गप्प बसलो.

भाच्याची काळजी वेगळी होती. "मामा, पोरगं पगाराचे पैसे घालून गान्याची क्यासेट काढायलंय. चार दोस्त हायेत संगं. उद्या कर्ज काढलं म्हंजे? तुमी बँकेतले, जरा समजून सांगा त्याला."

कर्ज कुणाला द्यावं आणि कुणाला देऊ नये, हे ठरवण्यात माझी तीस वर्षं गेली. त्या सवयीने मी दोनच प्रश्न घेऊन बसलो. हा आवाज आला कुठून? आणि पैसा येणार कुठून?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या गावात सापडतं. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचाच दिवस, आणि यंत्रात सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका उजवा. दुसरा असता तर त्याने वाद्य खुंटीला टांगलं असतं. याने प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांसाठी टोपणं घडवली आणि वाजवणं चालू ठेवलं. दुखऱ्या बोटांना ताण सोसेना, म्हणून पुढे तारा सैल केल्या. सैल तारेतून खर्जातला, जड, घरघरणारा आवाज निघाला. 'ब्लॅक सॅबथ' या त्यांच्या वृंदाचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला आणि आज ज्याला हेवी मेटल म्हणतात त्याची ती गंगोत्री मानली जाते. ५ जुलै २०२५ रोजी त्याच बर्मिंगहॅममध्ये त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला. त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न त्यात सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून गायला, आणि सतराच दिवसांनी, २२ जुलैला वारला. आपल्याकडे एखादा कीर्तनकार गादीवरच शेवटचं निरूपण करून जातो, तशातली गोष्ट.

म्हणजे हा आवाज कुणी नुसता त्रास द्यायला काढलेला नाही. कारखान्याच्या गावातून तो कारखान्यासारखा निघाला.

हे मी भाच्याला सांगत होतो तेव्हा पोरगं शेजारीच बसलेलं. त्याला म्हटलं, तुमचं ऐकव एक. त्याने फोनला छोटा स्पीकर जोडला. आधी एकसुरी घरघर सुरू झाली, मग तिच्यावर ढोलांचे ठोके इतक्या वेगाने पडू लागले की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. गाणाऱ्याचा आवाज घशाच्या तळातून येणारा, गुरगुरल्यासारखा. शब्द मराठीच होते, पण तिसऱ्या वेळी कळले. भाचा मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "ह्ये तर बोअरच्या गाडीवानी वाजायलंय."

"तेच हाय पप्पा," पोरगं म्हणालं.

मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. २०१६ चा उन्हाळा आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याच वर्षी भाच्याने शेतात दोन बोअर घेतले. गाडी रात्रीची यायची, कारण दिवसा तिला दुसरीकडे नंबर असायचा. रात्रभर ती घरघर, जमिनीला बसणारे हादरे आणि पहाटे पाण्याऐवजी नुसता फुफाटा. तेव्हा हे लेकरू तेरा-चौदा वर्षांचं होतं, बापाशेजारी बांधावर बसून होतं. बापाने त्या रात्रींचा हिशेब कर्जाच्या वहीत ठेवला. पोराने तो कानात ठेवला होता, हे त्या दिवशी अंगणात समजलं.

आता दुसरा प्रश्न, पैशाचा. यात मला जास्त रस, कारण या संगीताचा खरा पराक्रम मला तिथे दिसतो. १९७६ साली मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' नावाच्या पोरांनी मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले. डिसेंबरात चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' नावाने स्वतःच बाजारात आणली. आधी १,००० प्रती काढल्या. त्या संपल्या, पुन्हा काढल्या, असं करत १६,००० खपल्या. ना कंपनी, ना तारण, ना जामीन. पंकचं मोठेपण सुरांपेक्षा या हिशेबात आहे, असं माझं मत. परवानगी कुणाची मागायची नाही. वर्गणी जमवायची आणि काम उरकायचं. मेटलवाल्यांनी १९८० नंतर यात भर घातली ती टपालाची. कॅसेटवरून कॅसेट उतरवायची आणि अनोळखी माणसाला पाठवायची. तो त्याच्याकडची पाठवणार. 'मेटालिका' हा पुढे जगभर गाजलेला वृंद १९८२ साली अशाच एका घरगुती कॅसेटवरून हातोहाती पसरला.

आपल्याकडे या साऱ्याचं ठाणं मुंबई. धोबीतलावला झेवियर कॉलेजलगत रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळा भरू लागला, त्याची सुरुवात १९८६ ची. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले रात्रीचे कार्यक्रम बंद पडले, पण तोवर रोप रुजलं होतं. साहिल मखिजा या मुंबईकर तरुणाने २००० साली 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा वृंद काढला. छापणारं कुणी नाही म्हटल्यावर स्वतःचीच संस्था काढली आणि स्वतःबरोबर इतरांचेही अल्बम तीतून आणले. २०१० साली लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकाने या वृंदाला पुरस्कार दिला. २०१७ मधल्या त्यांच्या अल्बमचं नाव 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचं एकेक गाणं. नरसिंह खांब फोडून बाहेर येतो ते काय मंजुळ आवाजात येत असेल? त्या गुरगुरण्याला तिथे जागा आहे. हेच गृहस्थ स्वयंपाकाचाही कार्यक्रम करतात, हे घरातल्या मंडळींसाठी मुद्दाम सांगतो. 'भयानक मौत' हा २००३ चा दुसरा मुंबईकर वृंद. नाव ऐकून दचकू नका; २००९ आणि २०१४ साली आलेले त्यांचे अल्बम या वर्तुळात मानाने घेतले जातात. दिल्लीच्या 'ब्लडीवूड'ने तर ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्द घेऊन २०१९ मध्ये जर्मनीतला वाकनचा मेळा गाजवला आणि २०२२ मध्ये 'रक्षक' हा पहिला मोठा अल्बम कंपनीशिवाय, स्वतःच काढला.

मी पोराला म्हटलं, तुझी वही दाखव. त्याने दाखवली आणि माझ्यातला शाखाधिकारी सुखावला. पाच जणांची वर्गणी प्रत्येकी १२,०००, एकूण ६०,००० रुपये. ढोलांसाठी भाड्याचा स्टुडिओ १८,०००. बाकीची वाद्यं भाड्याच्या खोलीत, गाद्या भिंतीला लावून. ध्वनींची जुळवाजुळव आणि शेवटचा हात २४,०००. मुखपृष्ठाच्या चित्रकाराला ६,०००. आणि १०० कॅसेटी, १२,०००. होय, कॅसेटच. आपण पोटमाळ्यावर टाकलेली ती वस्तू या मंडळींनी पुन्हा हातात घेतली आहे, कारण ती विकता येते, सही करून देता येते, कपाटात ठेवता येते.

कॅसेट ४०० रुपयांना. शंभर गेल्या तर ४०,००० परत. उरलेले २०,००० यायचे ते 'बँडकॅम्प' या पेठेतून. इंटरनेटवरच्या या पेठेत ऐकणारा थेट वाजवणाऱ्याकडून गाणी विकत घेतो. पेठ १५ टक्के कापून बाकीचे देते. २०२० च्या मार्चमध्ये महामारीत कार्यक्रम बंद पडले तेव्हा या पेठेने काही शुक्रवारी आपला वाटा सोडून दिला होता. तिथे अल्बमची किंमत २५०. कटाई जाता हातात २०० च्या आसपास. म्हणजे आणखी शंभर गिऱ्हाइकं. एकूण दोनशे माणसं मिळाली की मुद्दल सुटलं. दोनशे माणसं, चारशे कान!

"आणि ते फुकट ऐकायचं असतं फोनवर, त्याचे नाही का मिळत?" भाच्याने विचारलं. मिळतात, पण ती गंमत ऐका. स्पॉटिफाय या बड्या दुकानाने २०२४ पासून नियम केला, की बारा महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा एक पैसाही मिळणार नाही. या पोरांच्या दोनशे माणसांनी प्रत्येक गाणं चार-चार वेळा ऐकलं, तरी होतात आठशे. उत्पन्न शून्य. म्हणजे नुसतं ऐकणाऱ्यांच्या भरवशावर हे संगीत जगणार नाही. विकत घेणारा लागतो. खात्यात किती माणसं येऊन डोकावली याला बँकेत किंमत नसते. भरणा किती झाला ते पाहतात.

हे काही परदेशातून आलेलं नवं शास्त्र नव्हे. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून रात्र-रात्र गायली. मराठवाड्यातल्या वस्त्यांमध्ये ती पोचली ती माणसांच्या तोंडून आणि दोन-चार पानी पुस्तिकांमधून. पुढे कॅसेटी स्वस्त झाल्या आणि बड्या ग्रामोफोन कंपन्यांची मक्तेदारी मोडली, तेव्हा सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटींची दुकानं लागू लागली. दिवसभर रोजगार करून आलेला माणूस त्यातली एक विकत घेऊन घरी जायचा. त्या खरेदीवर गाणारा पुढचं गाणं करायचा. आमच्या भजनी मंडळाचा पखवाज तरी कशावर आला? वर्गणीवरच. या गाण्यांचा विषय, दुःख आणि उंची वेगळी आहे, मी त्यांची बरोबरी करत नाही. पण ज्याला दरबार नाही, मंडप नाही, त्या गाण्याची चूल कशी पेटती राहते, हा हिशेब दोन्हीकडे एकच.

पोराला मी एवढंच बजावलं, की वर्गणीच्या बाहेर जायचं नाही. चित्रफितीसाठी व्यक्तिगत कर्ज घ्यायचा त्याच्या एका दोस्ताचा विचार होता. तो सोडून द्या म्हणालो. गाण्यावर हप्ता बसला की पुढचं गाणं बँकेच्या तारखेप्रमाणे लिहावं लागतं. भाच्याला म्हटलं, पाच नोकरदार पोरांनी बारा-बारा हजार घातले, यात बुडालं तर एका मोबाइलचे पैसे बुडतील. लग्नातल्या एका दिवसाच्या बँडला आपण याहून कमी देतो का?

तुमच्याही घरात असा काळा शर्ट असेल, तर तो धुताना त्याचं नाव वाचता आलं नाही म्हणून बिघडत नाही. ते संगीत आवडलंच पाहिजे, अशीही सक्ती नाही. मला स्वतःला अजून दुसऱ्या गाण्यानंतर चहा लागतो. पण आवाज कुठून आला, हे पोराला एकदा विचारावं. कदाचित तो आपल्याच शेतातून निघालेला असेल.

भाच्याने कॅसेटचे ४०० रुपये मोजून पोराच्या हातावर ठेवले. "घरच्याला फुकट नको," म्हणाला, "हिशेब बिघडतो." टेपरेकॉर्डर मात्र कुणाकडेच नाही. बाजारात दुरुस्तीवाल्याकडे एक जुना पडलाय म्हणतात, तो बघायला उद्या आम्ही दोघं जाणार आहोत.